हुबळीचा आवाज येत नाही

प्रिय अक्षय,

हे पत्र एकट्याने वाच. मराठी वाचताना तू अडखळतोस हे मला माहीत आहे, पण म्हणून शीतलला, बायको असली तरी, वाचायला देऊ नकोस. अक्षराखाली बोट ठेवून वाच, वेळ लागू दे, पण तूच वाच. म्हातारीला आता कागद-पेन कुठून सुचलं असं तुला वाटेल. माझा फोन बटणांचा, त्यावरून जर्मनी लागत नाही. तुझ्या बापाचा, अप्पाचा फोन मागावा तर तो दुकानात, आणि त्याला यातलं एक अक्षर कळलं तर दुकानाला कुलूप लावून कलघटगीला तुझ्या सासऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहील. उरली तुझी अक्का. माझे सगळे निरोप दीपालीच लिहिते, आलेले तीच वाचून दाखवते. आणि हे नेमकं तिला कळायला नको. म्हणून दुपारी ती जरा आडवी झाली की मी ओट्याजवळ पाट घेऊन बसते आणि चार ओळी लिहून डब्याखाली सरकवते. दोन यत्ता शिकलेलीचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस.

इकडे सगळं आहे तसं आहे. अप्पाला दाजीबानपेठेत गिऱ्हाईक कमी आणि चहा जास्त झालाय. लोक येतात, साडीवर हात फिरवतात, फोनवर भाव बघतात आणि जातात. माझा गुडघा मला सांगितल्याशिवाय हवा बदलू देत नाही. शेजारच्या रेखाकडे नातू आलाय, सारखा रडतो, फुफ्फुसं चांगली आहेत. ही झाली खुशाली. आता त्या लॅपटॉपचं बोलू.

तो तू जाताना ठेवून गेलास तेव्हाच मी म्हटलं होतं, हे जुनं मढं आम्हाला कशाला. तू म्हणालास, आजी, ह्यातली विंडोज काढून लिनक्स घालतो, म्हणजे पळायला लागेल. आणि झाकणावर तो पेंग्विन चिकटवलास. पळायला लागला हे खरं. दीपालीने त्यावर ब्लाउजची डिझाइनं बघितली, अप्पाची बिलं केली, मला कीर्तनं लावून दिली. त्यावरून बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती. तू फोन करायचास तो अप्पाच्या मोबाईलवर, आणि दुकानात काय बोलणं होणार, 'हां, बरं, जेवलास का' एवढंच.

मग वेदश्री झाली आणि तुझा फोन आला. दीपाली शेंगा निवडत बसली होती. तू म्हणालास, अक्का, बारशाला तुला इथे आणता येत नाही, पण आत्या तूच, नाव तूच कानात सांगायचं, पाळण्याच्या उशाशी मी लॅपटॉप ठेवतो, तू तिकडून कुर्र कर. तू हे स्वतःहून म्हणालास, हे लक्षात ठेव. कुणी तुझ्या गळ्यात पडलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती सूप तसंच टाकून उठली आणि तोंड धुऊन आली. दुसरं बाळ गेल्यानंतर ती सासरहून, रायापूरहून इकडे विश्रांतीला म्हणून आली ती राहिलीच. मयूर दर रविवारी येतो, जेवतो, तिच्याशी दोन शब्द बोलतो, परत जातो. तो चांगला आहे. त्याची आई मात्र देवळातसुद्धा सुनेचं नाव घेताना आवाज खाली करते. अशा घरातून आलेल्या पोरीला कुणीतरी म्हणालं, तू नाव ठेव. तू काय दिलंस ते तुला कळलं नसेल. मला कळलं, म्हणून मी तेव्हापासूनच धास्तावलेली होते. हातात दिलेली वस्तू पडते तेव्हा जास्त आवाज होतो.

नाव तिने शोधलं. तुम्ही दोघांनी हो म्हटलं. मग तिने लॅपटॉप पुसला आणि बोलून बघायला बसली, तर आवाजच जाईना! आपलं समोरच्याला ऐकू जाईना, समोरच्याचं आपल्याला येई. खरं सांगते, तेव्हा तो लॅपटॉप खरोखरच बिघडला होता. मयूर तिकडे रायापूरला फोन धरून बसलेला, ही इकडून हॅलो हॅलो, तो हात हलवतो, काही नाही. मी म्हटलं, पेंग्विनला थंडी लागत नाही हुबळीत, म्हणून रुसला असेल. तिला हसू आलं नाही. ती शोधत बसली. सेटिंगमध्ये दोन माइक दिसत होते, एक लॅपटॉपच्या पोटातला आणि एक बाहेरून लावायचा, जो आमच्याकडे नाहीच. आणि हा शहाणा त्या नसलेल्या माइकला कान लावून बसला होता. घरातल्या माणसाकडे पाठ आणि न आलेल्या पाहुण्याची वाट. तिने तो बदलला. तरी आवाज बारीक. मग ती काळी खिडकी उघडली, तीत उभ्या पट्ट्या येतात. पट्टीखाली दोन एम असले तर ती मुकी, दोन शून्यं असली तर ती उघडी, आणि एमचं बटण दाबलं की मुकी उघडी होते. हे मला तिनेच दाखवलं. मुकीला उघडी केली, पट्टी वर चढवली, आणि मयूर तिकडून म्हणाला, अगं तुमच्या कुकरच्या शिट्टीने माझा कान फाटला! दीपाली टाळ्या वाजवून हसली. किती दिवसांनी ते दात बघितले मी.

त्यानंतर तिने लॅपटॉपला कुणाला हात लावू दिला नाही. कपाटावर ठेवला आणि वर टॉवेल. रोज सकाळी एकदा उघडून ती हिरवी पट्टी बघायची. बोललं की नाचते ती. मी खोकले तरी नाचायची. तू लहान असताना ती तुझं असंच करायची, आठवतं का? तुला कसं आठवेल. तू बोलायला फार उशीर केलास. तुझी आई, देव तिला सुखात ठेवो, डॉक्टरांकडे घेऊन फिरली. तुला पाणी हवं, की बाहेर जायचंय, की पोट दुखतंय, हे दीपालीच आम्हाला सांगायची. बालवाडीतल्या बाईंनी तुला नाव विचारलं तर हीच दारातून ओरडली, त्याचं नाव अक्षय! बाई म्हणाल्या, तुझं बोलणं पुरे, त्याला बोलू दे. ही रडत घरी आली, की मी गप्प बसले तर त्याचं नाव कुणाला कळणार?

बारशाच्या दिवशी तुमच्याकडे सकाळ आणि आमच्याकडे जेवणं उरकलेली. दीपालीने माझी जांभळी इरकल नेसली होती. रेखा आली, तिच्या घरच्या आल्या, घुगऱ्या केल्या होत्या. पाळणा नव्हता तरी टेबलावर लॅपटॉपसमोर नारळ ठेवला. मयूर रजा काढून आला होता, पण बायकांत नको म्हणून बाहेर कट्ट्यावर बसला. पडदा उजळला, तुम्ही दिसलात. शीतल नथ घालून, मागे तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पाळण्याला शेवंतीच्या माळा, त्या तिकडे कुठे मिळाल्या कोण जाणे. पोरगी लाल गोळ्यासारखी. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मग तू म्हणालास, अक्का, आता सांग. ती पुढे वाकली, तोंडाभोवती हात धरले, आणि कुर्र करून नाव घेतलं. रीतीप्रमाणे रेखाने आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. सगळ्या हसल्या. आणि तू पडद्यावर कानाशी हात नेऊन मान हलवलीस. येत नाही आवाज. हुबळीचा आवाज येत नाही.

तिने परत घेतलं. परत धपाटे. परत तू मान हलवलीस. तिसऱ्यांदा तिने नाव घेतलं तेव्हा रेखाने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग ही घाबरली. माइक बघितला, पट्टी बघितली, पट्टी नाचत होती. बंद करून चालू केलं. तुझ्या मागे कुणीतरी म्हणालं, मुहूर्त टळतोय. फोन लावून बघावं हे कुणाला सुचलं नाही, तुलाही नाही. ही कपाटातला वायरचा इयरफोन आणायला आत धावली, त्यालाही बोलायचं भोक असतं म्हणून. ती वायर सोडवत बाहेर आली तेव्हा विहीणबाई पाळण्यावर वाकलेल्या होत्या आणि नाव सांगून झालेलं होतं. आमच्या पोरीने निवडलेलं नाव. दीपाली वायर हातात घेऊन उभी राहिली. पडद्यावर तुम्ही पेढे वाटत होतात आणि इथे कुणाला कुठे बघावं कळेना. शेवटी मीच म्हटलं, घुगऱ्या गार होतायत, खा.

संध्याकाळी तुझा फोन आला. अक्का, सॉरी, तुझा माइकच गेला, लिनक्समध्ये हा त्रास असतोच. असतोच तर घातलंस कशाला, असं मी विचारणार होते. पण तिने फोन कानाला घट्ट धरला होता. ती म्हणाली, असू दे रे, नाव तर पडलं ना. आणि मग म्हणाली, पण मी तो दुरुस्त करते, पुढच्या वेळी पोरगी माझा आवाज ऐकेल. तू म्हणालास, हो, मी सांगतो काय करायचं ते.

आणि तेव्हापासून तू सांगतोयस. रोज एक ओळ पाठवतोस, दीपाली काळ्या खिडकीत ती ओळ जशीच्या तशी उतरवते, एक टिंब चुकलं तर परत. आवाजाचं सगळं बंद करून पुन्हा चालू कर, म्हणालास. केलं. ते काढून टाक आणि नवीन घाल. घातलं. ब्राउझरला माइकची परवानगी दे. ती होतीच, तरी काढून परत दिली. आता म्हणे सगळं पुसून लिनक्सच पहिल्यापासून घाल. ती पेन ड्राइव्ह आणायला निघाली आहे. प्रत्येक वेळी ती स्वतःचा आवाज भरून घेते आणि परत लावून ऐकते. दुसरं काय बोलणार, तेच नाव घेते. वेदश्री. मग लॅपटॉप म्हणतो, वेदश्री. मी आत भाकरी थापताना ऐकते. आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, हा काय खेळ आहे? एकदा मला राग आला, मी म्हटलं, त्या पोरीच्या नावाची चटणी वाटलीस तू, पुरे कर. ती म्हणाली, आजी, इथे तर स्वच्छ ऐकू येतं गं, मग तिथे का जात नाही?

मयूरला लावून बघितलं, त्याला ऐकू जातं. तुझ्या त्या बंगळूरच्या मित्राला लावलं, त्याला ऐकू जातं. तुला निरोप दिला तर तू म्हणालास, जर्मनीचं वेगळं असतं. काय वेगळं असतं? इथून रायापूरला आवाज जातो, बंगळूरला जातो, आणि समुद्र लागला की बुडतो? दीपाली शहाणी आहे, चार दिवसांत हे तिच्याही लक्षात यायला हवं होतं. पण तू सांगतोस म्हणून तिचं डोकं त्या दिशेला जातच नाही. ते उलटीकडे गेलं. परवा रेखा नातवाला घेऊन आली, जरा धर गं म्हणाली, तर ही हात मागे घेऊन म्हणाली, नको, माझे हात ओले आहेत. हात कोरडे होते. रेखा गेल्यावर मला म्हणते, यंत्रात काही नाही आजी, मी सगळं तपासलं. सगळ्यांचा आवाज जातो, मी त्या बाळाचं नाव घ्यायला गेले तेव्हाच गेला नाही. देवालाच माझं तोंड नको असेल तिच्या कानाशी. मी म्हटलं, देवाला दुसरे उद्योग नाहीत काय. पण देवाचा यात हात नाही हे मला ठाऊक होतं.

कारण त्या दिवशी ती इयरफोन आणायला आत गेली, रेखा आणि बाकीच्या दारातल्या चपला सरकवत मयूरला काय झालं ते सांगायला गेल्या, तेव्हा लॅपटॉपसमोर मी एकटीच होते. विहीणबाई पाळण्याकडे वळल्या होत्या. निरांजन खाली स्टुलावर, आणि त्यांचा पदर त्यावर आलेला. माझ्या तोंडून निघालं, विहीणबाई, पदर सांभाळा, पेटाल! आणि त्यांनी पदर ओढून घेतला, अक्षय. मागे वळून निरांजन बघितलं आणि पायाने स्टूल सरकवलं. तिकडे कुणीच तोंड उघडलं नव्हतं, मी तुम्हा सगळ्यांची तोंडं बघत होते. शीतलने झटकन त्यांच्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणजे त्या काचेकडे, आणि मान खाली घातलीस. आमचा माइक तेव्हाही चालू होता, आधीही चालू होता. पोरीने तीनदा नाव घेतलं ते तुम्ही तीनदा ऐकलंत.

मी हे कुणाला बोलले नाही. का झालं असेल ते मला कुणी सांगायला नको. दोनदा कूस रिकामी झालेल्या बाईने आमच्या लेकराच्या कानात बोलू नये, असं विहीणबाई म्हणाल्या असतील. कदाचित आदल्या दिवशी, कदाचित पाळणा बांधताना. ओली बाळंतीण रडली असेल. सासू घरात, बायको अंथरुणात, परका मुलूख, तू मधे सापडलास. मला समजतं. समजतं म्हणजे पटतं असं नाही. तू तेव्हाच स्पष्ट सांगितलं असतंस की अक्का, इथे असं म्हणतात, तर ती रडली असती आणि तुला दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. रोजच्या ओळी पाठवून तू तिला जे करायला लावतोयस त्याला मला शब्द सापडत नाही. कन्नडमध्येही सापडत नाही, आणि तिथे बरेच आहेत.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. दीपाली आणि मयूरने मूल दत्तक घ्यायला नाव घातलंय. घरात फक्त मला माहीत आहे. परक्याचं लेकरू म्हणून आधी मीही नाक मुरडलं, मग मुरडायचं सोडून दिलं. त्यांची पाळी आली आहे, मुलगी आहे, चालायला लागलेली. संस्थेच्या बाई आधी लॅपटॉपवर दोघांशी बोलणार आणि मग रायापूरचं घर बघायला येणार. आधी भाचीचं नाव ठेवते, मग माझ्या पोरीला आणते, असं ती म्हणत होती. काल मयूर येऊन स्वयंपाकघरात बसला, कप हातात नुसता फिरवत राहिला, आणि म्हणाला, आजी, ती नको म्हणते. जिचा आवाज बाळापर्यंत जात नाही तिच्या हवाली बाळ कशाला करायचं, असं तिने त्याला विचारलं. त्याने महिनाअखेरपर्यंत थांबायला लावलंय, मग नकार कळवावा लागेल आणि ती मुलगी दुसऱ्या कुणाकडे जाईल. हे पत्र तुझ्यापर्यंत कधी पोचेल ते पोस्टातल्या बाईलाही सांगता येईना. तू स्वेटर पाठवलास त्या खोक्यावरचा पत्ता कापून मी पाकिटावर डकवला आहे, तो नीट आहे ना या काळजीनेही माझा डोळा लागत नाही. मिळालं की त्याच दिवशी फोन कर. तिला सांग, बिघाड आमच्याकडे होता, आज सापडला. त्यात काही खोटं नाही. मग लेकीला मांडीवर घेऊन बस आणि अक्काला नाव घेऊ दे. पाळणा नको, पेढे नकोत, विहीणबाई खोलीत असल्या तर असू देत. पोरीने मान वळवली तर तेवढी अक्काला दिसेल असं बस. आणि हे तुझ्याने होणार नसेल, किंवा महिना संपेपर्यंत फोन आला नाही, तर मी तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. ती तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही, मी तिला ओळखते. भाऊ गेला तर गेला. ती मुलगी मी जाऊ देणार नाही.

तुझीच, पण आधी तिची,
आजी
(सुशीला)